पाल्स्ता, रकाना आणि आपला सातबारा

आज एका फिनिश शब्दाबद्दल बोलू. शब्द आहे ‘पाल्स्ता’.

इंग्रजीत कॉलम म्हटलं की भागतं. बिल्डिंगचा कॉलम, एक्सेलचा कॉलम, पेपरातला कॉलम. फिनिशमध्ये तसं नाही. खांब म्हणजे ‘प्युल्वास’, टेबलमधला कॉलम ‘साराके’, पेपराच्या पानावरचा उभा पट्टा ‘पाल्स्ता’, आणि एखादा लेखक नेमाने लिहितो ते ‘कोलुम्नी’. मराठीतही खांब, रकाना, सदर असे वेगळे शब्द आहेतच. फक्त ‘स्तंभ’ सगळीकडे घुसतो. शाळेतला स्तंभालेख आठवतो? फिनिशमध्येही त्याचं नाव खांबावरूनच आहे. ॲपमधला मजकूर मराठीत करताना मी मात्र ‘रकाना’च घेतो. ज्याने एकदा तरी सरकारी फॉर्म भरलाय, त्याला तो कळतो.

पण पाल्स्ताची खरी गंमत वेगळीच. त्याचा दुसरा अर्थ आहे जमिनीचा तुकडा. भाजीपाला लावायला घेतलेली छोटी जागा, तीही पाल्स्ता. म्हणजे कागदावरचा पट्टा आणि मातीतला पट्टा, शब्द एकच.

आपल्या वर्ध्याकडे वावर आणि रकाना हे शब्द वेगळे, पण सातबाऱ्यावर दोन्ही एकत्र येतात. नमुना 7 मध्ये हक्काची नोंद, 12 मध्ये पिकांची. त्यात एक रकाना भोगवटादाराचा, दुसरा ‘इतर हक्क’. बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा, हे सगळं ‘इतर हक्क’मध्ये जातं. आणि कितीतरी घरांत नवरा गेल्यावर बाईचं नावही तिथेच जातं! 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा ही मुलामुलींच्या बरोबरीची वारस आहे. तरी पीककर्ज मागायला गेली की बँक विचारते, खातेदार कोण? 2006 च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भातले जे सहा आत्महत्याग्रस्त जिल्हे होते, त्यात वर्धा होता. इथे हा प्रश्न किती घरांचा असेल, बघा.

डेटाबेसमध्ये व्हॅल्यू चुकीच्या कॉलममध्ये गेली तर आम्ही बग म्हणतो. इथे त्याला रीत म्हणतात.

तर मोबाइल हातात आहेच. महाभूलेख उघडा, जिल्हा, तालुका, गाव निवडा, गट नंबर टाका. आईचं किंवा आजीचं नाव कोणत्या रकान्यात आहे ते पाहा. नावाजवळ फेरफार क्रमांक असतो, तो लिहून घ्या. तलाठ्याकडे जाताना लागेल.