चिनी शिकणाऱ्यांच्या वह्या
(शिरवणे येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



परीक्षा संपली की आपल्या मुलांच्या वह्या किलोच्या भावाने रद्दीत जातात. मी पालकांना दोष देत नाही. त्यांत फळ्यावरचे आणि गाइडातले उतरवलेले असते. मुलाचे स्वतःचे काही नसते. आज मला निराळ्या वह्यांविषयी बोलायचे आहे.

केंब्रिजमध्ये जोसेफ नीडहॅम नावाचे जीवरसायनशास्त्रज्ञ होते. १९३७ मध्ये लू ग्वे-जेन या चिनी संशोधक बाई तेथे आल्या आणि नीडहॅम त्यांच्यापाशी चिनी शिकू लागले. वय छत्तीस! चिनीला आपल्यासारखी बाराखडी नाही. झाडाचे चिन्ह दोनदा काढले की वन होते. माणसाशेजारी झाड काढले की विसावा. अशी हजारो चिन्हे. नीडहॅमनी त्यांचे कोश स्वतःच्या हाताने वह्यांत तयार केले. पुढे त्यांनी चिनी विज्ञानाचा जो प्रचंड इतिहास लिहिला, त्याचा पहिला खंड १९५४ मध्ये निघाला.

पण इतके दूर कशाला? आपल्या पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात पु. वि. बापट पाली शिकवीत. धर्मानंद कोसंबींचे ते शिष्य. ‘विमुत्तिमग्ग’ हा बौद्ध ग्रंथ मूळ पालीत हरवला होता. सहाव्या शतकाच्या आरंभी संघपाल भिक्षूने केलेले चिनी भाषांतर तेवढे संपूर्ण उरले होते. बापटांनी ते वाचून बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्गा’शी प्रकरणाप्रकरणाने ताडून पाहिले. तो ग्रंथ १९३७ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला. अकिरा हिराकावा या जपानी विद्वानाबरोबर केलेले त्यांचे दुसरे चिनी काम १९७० मध्ये भांडारकर संस्थेने छापले, तेव्हा ते पंच्याहत्तरी ओलांडलेले होते.

असली कामे पाठांतराने होत नाहीत. ‘विमुत्तिमग्ग’ या नावातल्या ‘मग्ग’साठी, म्हणजे वाटेसाठी, चिनीत ‘ताओ’ हा शब्द आहे. तोच शब्द लाओत्सेच्या तत्त्वज्ञानाचा गाभा, आणि कन्फ्यूशियसही तोच वापरतो. मग या ओळीत कोणता अर्थ घ्यायचा? अशा जागी थांबून टाचण करावेच लागते.

आपल्या मुलांना तर ही अडचण घरातच भेटते. उर्दू उजवीकडून, मराठी डावीकडून. मी आठवीच्या वर्गाला एक वही ठेवायला सांगितली: अडलेला शब्द, तो कुठे भेटला, आणि मला काय वाटले. एका मुलीने लिहिले, ‘उर्दूत खुलासा म्हणजे सारांश, मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण.’ चार दिवसांनी तिनेच लिहिले, ‘उर्दूत शिकस्त म्हणजे हार, मराठीत शिकस्त करणे म्हणजे शक्य तेवढे सारे प्रयत्न करणे. असे का?’ त्या ‘असे का’ला माझ्याकडे तयार उत्तर नव्हते, आणि कोणत्याही गाइडात तो प्रश्न नाही.

या वहीला मी गुण देत नाही, तांबडी शाईही लावत नाही. तपासणी सुरू झाली की मुले पुन्हा बरोबर उत्तरेच लिहितील. घरी वडीलमंडळींनी खाडाखोड पाहून रागावू नये.

संस्था गरजू मुलांना वह्या वाटते. यंदा त्या गठ्ठ्यात विषयाचे नाव नसलेली एक शंभर पानी कोरी वही घालावी, एवढी विनंती अध्यक्षसाहेबांना करून मी आपली रजा घेतो.