वाटेवरचं घर

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या सत्रासाठी आयोजकांनी मला विषय दिला आहे, ‘आठवणीतले प्रवास आणि नातेवाईक’. कालपासून तुम्ही संविधान, व्यक्तिगत कायदा, शिक्षण असे जड विषय ऐकताय. जेवणानंतर थोडं हलकंफुलकं काहीतरी असावं, असा त्यांचा हेतू दिसतो. पण नातेवाइकांकडे जाणं-येणं हा विषय मला कधीच हलका वाटला नाही. कोण कुणाकडे जातं आणि कुणाकडे जायचं बंद होतं, यावर बायकांचं अख्खं आयुष्य ठरताना मी पाहिलंय. त्याबद्दलच बोलते.

माझं लहानपण सोलापुरात गेलं. अब्बा गिरणीत कामाला, आजोळ मिरजेला. १९७० च्या दशकात आमच्यासारख्यांच्या घरात ‘ट्रिप’ हा शब्दच नव्हता. महाबळेश्वर कॅलेंडरवर बघायचं. आमचा प्रवास म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत नानीकडे, कुणाच्या शादीला, कुणाच्या मयतीला, नाहीतर मिरजेच्या उरुसाला. उरुसात दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं चालायचं. आम्हा पोरांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण मामूंच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायला मिळायचं.

सोलापूरहून मोठ्या गाडीने कुर्डुवाडीला यायचं आणि तिथे छोटी गाडी धरायची. लोक तिला बार्शी लाइटच म्हणायचे. दोन रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. पंढरपूर, सांगोला, जत रोड, ढालगाव, कवठे महांकाळ करत ती मिरजेला पोचायची. आता ती लाइन ब्रॉडगेज झाली आहे. तेव्हा गाडी इतकी हळू चालायची की अम्मी म्हणायची, भाकरी गाडीतच शिळी होते. बरोबर कडक भाकऱ्या, शेंगांची चटणी आणि फिरकीचा तांब्या. आषाढीच्या दिवसांत डबा वारकऱ्यांनी भरलेला असायचा. माझी दादी नऊवारी नेसायची, डोक्यावरून पदर. एखादी माळकरी आजी तिला विचारायची, “कुठल्या वारीला निघालात बाई?” दादी सांगायची, “मी लेकीच्या.” दोघी हसायच्या आणि चटणी-भाकरीची देवाणघेवाण व्हायची.

ही लेक म्हणजे माझी फुफी. ती सांगोल्याला राहायची. तिच्यासाठीच मी हा सगळा प्रवास तुम्हाला सांगतेय.

फुफीचं लग्न झालं तेव्हा तिच्याकडे जाणं हा आमच्या घरातला सण होता. अब्बा, चच्चा, सगळे जायचे. जावयाला टॉवेल-टोपी, फुफीला साडी, पोरींना फ्रॉक. १९७८ च्या सुमारास तिच्या नवऱ्याने तीन ओळींचं पत्र पाठवून तिला तलाक दिला. पदरात दोन मुली. फुफीने सांगोल्यातच एक खोली भाड्याने घेतली आणि गोधड्या शिवायला लागली. इथपर्यंत घरातल्यांना तिची दया येत होती. मग तिने कोर्टात पोटगीचा दावा लावला.

तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १२५ होतं. घटस्फोटित बायकोलाही त्या कलमाखाली पोटगी मागता यायची. कमाल मर्यादा होती महिन्याला पाचशे रुपये. फुफीला हे शेजारच्या पाटीलमावशींनी सांगितलं आणि त्याच तिला वकिलाकडे घेऊन गेल्या. आमच्या घरात मात्र वादळ उठलं. मुसलमानाची बाई कोर्टात जाते? जमातीत काय तोंड दाखवायचं? तिला कुणी शिवीगाळ केली नाही, कुणी संबंध तोडल्याचं जाहीरही केलं नाही. फक्त जाणं बंद झालं. ईदला तिच्याकडे कुणी जाईना. शादीचं बोलावणं पोस्टाने जायला लागलं, तेही उशिरा पोचेल अशा बेताने. गाडी सांगोल्याला थांबायची आणि आमची माणसं खिडकीतून दुसऱ्या बाजूला बघायची.

आपल्याकडे माणूस असा वाळीत टाकला जातो. पंचायत बसत नाही, ठराव होत नाही. त्याचं घर वाटेवरून वगळलं जातं, एवढंच.

दादी मात्र ऐकणारी नव्हती. ती अडाणी होती, तिला कलम माहीत नव्हतं, कोर्टात जाणं तिला पसंत होतं असंही नाही. पण मिरजेला जाताना तिची अट असायची, एक रात्र सांगोल्याला. अब्बा चिडायचे. ती म्हणायची, “मेरी बेटी का घर रस्ते मेंच है. मैं उतरूंगीच.” मग अब्बा आणि अम्मी पुढे जायचे आणि दादी, मी आणि माझा धाकटा भाऊ सांगोल्याला उतरायचो.

फुफीच्या खोलीत पाय ठेवला की दादी आधी पिठाचा डबा उघडून बघायची. नंतर पोरींची पुस्तकं. मग विचारायची, “तारीख कब है?” कोर्टाची तारीख. हा प्रश्न विचारणारं माहेरचं तेवढं एकच माणूस होतं. मी तिथे बसून ऐकायचे. मेहेर किती ठरला होता आणि तो दिलाच नव्हता, इद्दत म्हणजे काय, समन्स म्हणजे काय, वकील फी किती घेतो, हे सगळं मी त्या खोलीत ऐकलं. पुढे मी या चळवळीत आले तेव्हा लोक विचारायचे, तुम्ही कोणती पुस्तकं वाचली? पुस्तकं नंतर वाचली. सुरुवात त्या सुट्ट्यांतल्या मुक्कामांनी झाली.

फुफीला महिना नव्वद रुपये मंजूर झाले. तेही कधी यायचे, कधी नाही. पुढे १९८५ मध्ये शाहबानो निकाल आला. तुम्हाला तो निकाल माहीत आहे, पण त्यातली रक्कम लक्षात ठेवा. महिना १७९ रुपये २० पैसे. एवढ्या रकमेवरून देश ढवळून निघाला. १९८६ चा कायदा झाला तेव्हा फुफीच्या आधीच्या नवऱ्याने निरोप धाडला, “आता मला काही द्यायचं नाही,” आणि पैसे थांबवले. त्यानंतर फुफी गोधड्यांवरच जगली. धाकटी मुलगी नर्स झाली, थोरलीने शिवणाचं दुकान काढलं. २००१ मध्ये डॅनियल लतिफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या कायद्याचा अर्थ लावला. इद्दतच्या मुदतीत नवऱ्याने जी तरतूद करायची, ती तिच्या पुढच्या आयुष्याला पुरेल अशी हवी, असं सांगितलं. जुलै २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केलं की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला कलम १२५ खालीही पोटगी मागता येते. फुफीला यातलं काहीच कामी आलं नाही. पण आज तिच्या जागी जी बाई आहे, तिला येऊ शकतं. फक्त तिला हे सांगायला कुणीतरी तिच्या घरी जायला हवं.

हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. आपण त्या सात जणींची आठवण दरवर्षी काढतो, आणि काढायलाच हवी. पण तलाक मिळालेली बाई मोर्चाला येते त्याच्या कितीतरी आधी कुणीतरी तिच्या खोलीत जाऊन बसलेलं असतं, तिचं ऐकलेलं असतं. ते काम कुठल्या वर्तमानपत्रात येत नाही.

आता काही जण म्हणतील, हे झालं चळवळीचं बोलणं, दीनचं काय? आपल्याकडे नाती जोडून ठेवण्याला सिला-रहमी म्हणतात. रहम म्हणजे गर्भाशय. रहमान, रहीम ही अल्लाहची नावंही त्याच धातूतून आलेली. सूरह निसाच्या पहिल्याच आयतीत या नात्यांची जाण ठेवायला सांगितलंय. आणि हदीसमधला आशय तर फार स्पष्ट आहे. जो आपल्याकडे येतो त्याच्याकडे जाणं ही परतफेड झाली. जिथे नातं तुटलंय तिथे जाऊन ते जोडणं, ही खरी सिला-रहमी. म्हणजे श्रीमंत मामूंकडे ईदचा शीरखुर्मा प्यायला सगळे जातात, त्यात काही मोठं नाही. सांगोल्याला उतरणारी दादी, तिने सिला-रहमी केली.

याच विषयाला चिकटलेला दुसरा विषय आहे माहेरच्या हिश्श्याचा. सूरह निसामध्येच मुलीचा हिस्सा सांगितलाय, मुलाच्या निम्मा. निम्माच का, यावर आपण वाद घालतो आणि घालायलाच हवा. पण तो निम्मा तरी किती मुलींच्या हातात पडतो? आपल्या आया-मावश्यांना विचारा. बहुतेक जणी सांगतील, “भावाला लिहून दिलं. माहेर तुटू नये म्हणून.” शेजारच्या हिंदू मावशीही हेच सांगतील. हक्कसोडपत्रावर अंगठा दिला की माहेरचं दार उघडं राहतं, मे महिन्यात चार दिवस जाता येतं, आंबे मिळतात. हिस्सा मागितला की ईदला बोलावणं येत नाही. म्हणजे आपण ज्याला प्रेमाचं जाणं-येणं म्हणतो, त्याचं भाडं बाई आपल्या जमिनीने भरत असते. मुलग्यांनो, हे खास तुमच्यासाठी सांगतेय. उद्या तुमच्या घरात वाटणी होईल. बहिणीने हिस्सा घेतला तरी तिचं माहेर शाबूत राहील, हे तिला आधी सांगा. कागद पुढे करायच्या आधी सांगा.

तुमच्या पिढीचं जाणं-येणं आता मोबाइलवर आलंय. प्रत्येक खानदानाचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. जुम्मा मुबारक येतं, शादीचे फोटो येतात. मी त्याला वाईट म्हणत नाही. पण ग्रुपमध्ये पिठाचा डबा उघडून बघता येत नाही. आणि एक करून बघा. आज रात्री तुमच्या ग्रुपमधली नावं वाचा आणि त्यात कोण नाही ते शोधा. तलाक झालेली चाची आहे का? दुसऱ्या धर्मात लग्न केलेली बहीण? कर्ज काढून गाव सोडून गेलेले खालू? मूल नसलेली एखादी एकटी आपा? तुमच्या घराचं सांगोला तुम्हाला तिथे सापडेल.

मी तीन कामं सुचवते. एक म्हणजे, आपल्या खानदानाचा नकाशा काढा. आपल्याकडे शजरा असतो, त्यात बापाचं नाव, आजाचं नाव, पणज्याचं नाव. बाईचं नाव बहुधा नसतंच. तुम्ही बायकांची नावं घालून काढा. कोण कुठून आली, कुठे दिली, तिचं पुढे काय झालं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा, फोनवर आवाज टेप करा. त्या नकाशात कुठलं गाव गाळलंय हे लगेच दिसेल.

दुसरं, तिथे जा. जाताना उपदेश नेऊ नका, खाऊ न्या. दोन-तीन वेळा नुसतं बसा. मग विचारा की निकाहनाम्याची प्रत जवळ आहे का, मेहेर मिळाला का, रेशनकार्डावर नाव आहे का, पोरांचे जन्माचे दाखले आहेत का. हे चार कागद असले तर पुढची निम्मी लढाई सोपी जाते. लागलं तर आपल्या कार्यकर्त्यांना फोन करा.

तिसरं, एकटे जाऊ नका, घरातलं म्हातारं माणूस बरोबर घ्या. बंद पडलेल्या वाटेवर पोराटोरांना कुणी आत घेईलच असं नाही, पण दादीला दारातून परत कोण पाठवणार? आणि खर्चाचं कारण सांगू नका. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तर प्रवास मोफत. माझ्या दादीच्या वेळी हे असतं तर ती महिन्यातून दोनदा सांगोल्याला उतरली असती.

मुलींना एक वेगळं सांगायचंय. तुम्हाला शिबिराला यायची परवानगी मिळवायला किती झगडावं लागतं, मला माहीत आहे. “फुफीकडे जाऊन येते” म्हटलं की दार थोडं लवकर उघडतं. ते दार वापरा. आधीच्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी नातेवाइकांच्या निमित्तानेच जग पाहिलं, तिकीट काढायला शिकल्या, परक्या बाईशी बोलायला शिकल्या. तुम्ही त्याहून पुढे जाल. पण जाताना वाटेतली घरं ओलांडून जाऊ नका.

फुफी गेली त्याला बरीच वर्षं झाली. तिच्या मयतीला मात्र सगळे आले होते. अब्बा, चच्चा, मिरजेचे मामू, अगदी लांबचे लोकसुद्धा. खोलीत मावत नव्हते, रस्त्यावर सतरंज्या घालाव्या लागल्या. पाटीलमावशी दारात उभ्या राहून सगळ्यांना पाणी देत होत्या. एवढ्या माणसांतल्या एक-दोघांनी जरी आधीच्या वीस वर्षांत तिथे मुक्काम केला असता, तर तिच्या मुलींची शाळा फीसाठी दोनदा सुटली नसती.

मयतीला जाणं सोपं असतं. माझी विनंती आहे, त्याआधी जा. दिवाळीच्या सुट्टीला अजून महिना आहे. नकाशा काढायला तेवढा वेळ पुरेसा आहे.