जिल्ह्याचे अग्रक्रम आणि विधिमंडळाचे अधिवेशन
(व्याख्यानाचा मजकूर)



सोलापूर जिल्ह्यातील एखाद्या लहान गावाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. गावातील प्राथमिक शाळेच्या दोन खोल्या मोडकळीस आल्या आहेत. पावसाळ्यात दोन वर्ग देवळाच्या ओवरीत बसतात. मुख्याध्यापकांनी पत्र दिले, ग्रामपंचायतीने ठराव केला, पंचायत समितीने शिफारस केली. पुढे मुंबईस अधिवेशन भरले आणि एका सन्माननीय सदस्याने याच शाळेबाबत प्रश्न विचारला. छापील यादीत उत्तर आले: ‘हे अंशतः खरे आहे. प्रस्ताव शासनास प्राप्त झालेला नाही.’ त्यापुढील उपप्रश्नाला ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे नेहमीचे उत्तर मिळाले.

हे गाव काल्पनिक आहे. परंतु उत्तराची ही भाषा कोणत्याही शिक्षकास अथवा पंचायत सदस्यास अपरिचित नाही. या व्यवहारात कोणी खोटे बोललेले नाही. पत्र खरोखरच गेले होते, ठराव खरोखरच झाला होता आणि प्रस्तावही खरोखरच मंत्रालयात पोहोचला नव्हता. मधल्या कोणत्या मेजावर तो थांबला, याचा माग कोणी ठेवला नाही, एवढेच. जिल्ह्याचे अग्रक्रम अधिवेशनात कसे पोहोचतात आणि तेथून परत कसे येतात, हा आजचा विषय त्या हरवलेल्या कागदापाशी सुरू होतो.

दोन सभागृहे, दोन वाटा

बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली लोकशाही विकेंद्रीकरणाची शिफारस केल्यानंतर महाराष्ट्राने वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या अहवालावर आधारलेला जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ चा असून १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. पूर्वीच्या जिल्हा लोकल बोर्डाच्या तुलनेने अधिकारांची व्याप्ती मोठी होती आणि या रचनेचा कणा जिल्हा हाच मानला गेला. त्याचबरोबर आमदार व खासदार यांना जिल्हा परिषदेचे सदस्यत्व देऊ नये, असा निर्णय झाला. ग्रामीण भागात स्वतंत्र नेतृत्व उभे राहावे, हा त्यामागील हेतू होता आणि तो बऱ्याच अंशी सफलही झाला.

या शहाणपणाची एक किंमत मात्र होती. जिल्हा परिषदेत ठराव करणारे सदस्य विधानसभेत नसतात आणि विधानसभेत प्रश्न विचारणारे सदस्य जिल्हा परिषदेत नसतात. पैसा मात्र बहुतांशी राज्याच्या अर्थसंकल्पातून येतो. उपकर व अन्य मार्गांनी मिळणारे जिल्हा परिषदेचे स्वतःचे उत्पन्न तिच्या एकूण खर्चाच्या मानाने अल्प असते. त्यातूनही २० टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवावी लागते. शिक्षकांचे वेतन, आरोग्य केंद्रांचा खर्च, रस्ते आणि पाणी यांसाठी शासकीय अनुदानाकडेच पाहावे लागते. ठराव एका सभागृहात आणि निधी दुसऱ्या सभागृहात, अशी ही स्थिती आहे. या दोहोंमधील धागा सांभाळणे हे ज्यांचे काम, ते अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य होत.

कोणते काम कोणाच्या दारी

माग ठेवण्याची पहिली पायरी म्हणजे दार ओळखणे. प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र व उपकेंद्र जिल्हा परिषदेकडे आहेत. ग्रामीण रुग्णालय शासनाच्या आरोग्य विभागाकडे आहे. ग्रामीण मार्ग व इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषद सांभाळते, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभाग. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमता असलेले तलाव व बंधारे जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाचे. त्याहून मोठी कामे शासनाच्या अन्य यंत्रणांची.

सोलापूरसारख्या जिल्ह्यात हा भेद फार महत्त्वाचा ठरतो. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या कालव्यांचे पाणी काही तालुक्यांत पोहोचले आणि तेथे ऊस उभा राहिला. मंगळवेढ्याच्या दक्षिण भागातील पस्तीस गावांचा पाण्याचा प्रश्न मात्र पुढे अनेक दशके गाजत राहिला. उपसा सिंचनाची ही मागणी शासनाच्या जलसंपदा विभागाकडील. त्याच गावातील पिण्याच्या पाण्याच्या विहिरीची अथवा पाझर तलावाच्या दुरुस्तीची मागणी जिल्हा परिषदेकडील असू शकते. दोन्ही मागण्या एकाच अर्जात लिहिल्या की दोन्ही विभाग तो अर्ज ‘पुढील कार्यवाहीसाठी’ एकमेकांकडे पाठवितात आणि वर्ष निघून जाते.

अधिवेशनांचे पंचांग

महाराष्ट्र विधिमंडळाची सर्वसाधारणपणे वर्षात तीन अधिवेशने होतात. अर्थसंकल्पी व पावसाळी अधिवेशन मुंबईस, हिवाळी अधिवेशन नागपुरास. सोलापूरच्या शेतीचे पंचांग याहून वेगळे आहे. हा जिल्हा मुख्यतः रब्बीचा, ज्वारीचा. नागपूरचे अधिवेशन डिसेंबरात संपते तेव्हा ज्वारी शिवारात उभी असते. टंचाईचे खरे स्वरूप त्यानंतर दिसू लागते. पावसाळी अधिवेशन अनेकदा आषाढी वारीच्या सुमारास येते. त्या वेळी पालख्या माळशिरस तालुक्यातून पंढरपूरकडे निघालेल्या असतात आणि मार्गावरील गावांतील पाणी, शौचालये व आरोग्यपथके यांचा भार जिल्हा परिषद व ग्रामपंचायतींवर पडलेला असतो. ज्या आठवड्यात माहिती मागविली जाते, त्याच आठवड्यात ती देणारा कर्मचारी पालखीतळावर उभा असतो.

अर्थसंकल्पाच्या बाबतीत तर वेळेचे गणित अधिकच काटेकोर आहे. राज्याचा अर्थसंकल्प मार्चच्या सुमारास मांडला जातो आणि जिल्हा परिषदेचाही त्याच महिन्यात मंजूर होतो. परंतु शासनाच्या विभागांचे अंदाज हिवाळ्यातच तयार होऊ लागतात. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समितीचा प्रारूप आराखडाही अर्थसंकल्पापूर्वीच ठरतो. याचा अर्थ असा की, मार्चमध्ये प्रथमच उच्चारलेली मागणी त्या मार्चसाठी उशिराची असते. ज्यांना अर्थसंकल्पी अधिवेशनाचा लाभ घ्यावयाचा आहे, त्यांनी आपले अग्रक्रम दिवाळीच्या सुमारास निश्चित केलेले असले पाहिजेत.

अमेरिकेतील अनेक काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखे स्थानिक घटक, राज्य विधिमंडळाचे अधिवेशन सुरू होण्यापूर्वी आपल्या मोजक्या मागण्यांची यादी रीतसर मंजूर करून प्रसिद्ध करतात आणि अधिवेशन चालू असता प्रत्येक मागणीचे काय झाले याचा आढावा घेतात. आपल्याकडे जिल्हा परिषदेची सर्वसाधारण सभा तीन महिन्यांतून किमान एकदा भरावयाची असते. त्यांतील एखाद्या सभेत असा मोजका अग्रक्रम ठरविण्यास कोणतीही आडकाठी नाही. अडचण येते ती ‘मोजका’ या शब्दापाशी. अकरा तालुक्यांच्या शंभर मागण्या एकत्र बांधल्या तर ती यादी होते, अग्रक्रम होत नाही. सांगोल्याचे पाणी आधी की करमाळ्याचा रस्ता आधी, हे ठरविताना कोणाला तरी थांबण्यास सांगावे लागते. ते सांगण्याचे धैर्य आणि ते ऐकण्याचा समंजसपणा, या दोहोंवर जिल्ह्याचे वजन अवलंबून असते.

प्रश्न, सूचना आणि आश्वासन

सभागृहात विषय मांडण्याची साधने अनेक आहेत. तारांकित प्रश्नास तोंडी उत्तर मिळते व उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नास लेखी उत्तर येते. तातडीच्या सार्वजनिक बाबीकडे लक्षवेधी सूचनेद्वारे मंत्र्यांचे लक्ष वेधले जाते. मागण्यांवरील चर्चेत कपात सूचना देता येते. वर्षाच्या मध्येच खर्चाची गरज उद्भवल्यास पुरवणी मागण्यांचा मार्ग असतो.

यांपैकी कोणत्याही साधनाचा उपयोग माहितीच्या खरेपणावर अवलंबून असतो. प्रश्नाची प्रत मंत्रालयातून जिल्हा परिषदेकडे, तेथून गटविकास अधिकारी अथवा गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि अखेरीस ग्रामपंचायत अधिकारी अथवा मुख्याध्यापकांकडे येते. त्याच मार्गाने उत्तर वर जाते. मंत्रिमहोदय सभागृहात जे सांगतात, त्याचा पाया अनेकदा एखाद्या शिक्षकाने लिहिलेल्या आकड्यात असतो. ‘खोल्या सुस्थितीत’ असा रकाना गेल्या वर्षीप्रमाणेच भरला गेला, तर ओवरीत बसणारी मुले कागदावर पक्क्या इमारतीत बसतात आणि सभागृहातील कोणताही सदस्य त्यांना तेथून बाहेर काढू शकत नाही.

‘तपासून पाहू’, ‘कार्यवाही करू’ असे मंत्री सभागृहात सांगतात तेव्हा त्याची आश्वासन म्हणून नोंद होऊ शकते. आश्वासनांच्या पूर्ततेवर लक्ष ठेवण्यासाठी विधिमंडळाची स्वतंत्र समिती आहे. परंतु त्या समितीसमोर जावयाची माहितीही जिल्ह्यातूनच जाते. वृत्तपत्रात आश्वासनाची बातमी वाचून गावाने समाधान मानले आणि विषय तेथेच सोडला, असे अनेकदा घडते. आश्वासन हा कामाचा आरंभ होय. त्यापुढे प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निधीची तरतूद, निविदा आणि कार्यारंभ आदेश एवढ्या पायऱ्या शिल्लक राहतात.

चिकाटीची दोन उदाहरणे

ग्रामीण भागाची निकड विधिमंडळापर्यंत पोहोचून तिचा कायदा कसा होतो, याचे ठळक उदाहरण रोजगार हमीचे होय. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातील विसापूर येथे १९६५ मध्ये या कल्पनेचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात सोलापूरसह अनेक जिल्ह्यांतील लक्षावधी माणसे खडी फोडण्यास व पाझर तलावांच्या कामांवर गेली आणि ही कल्पना राज्याची योजना झाली. त्यासाठी व्यवसाय कराचा कायदा १९७५ मध्ये झाला, रोजगार हमीचा अधिनियम १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. एका गावातील प्रयोगापासून कायद्याच्या अंमलबजावणीपर्यंत चौदा वर्षे लागली. २००५ मध्ये केंद्रानेही रोजगार हमीचा कायदा केला.

दुसरे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातीलच आहे. सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ मध्ये प्रथम विधानसभेवर निवडून आले आणि एकूण अकरा वेळा निवडून गेले. दुष्काळी भागाच्या पाण्याचा विषय त्यांनी अधिवेशनामागून अधिवेशन लावून धरला. टेंभू व म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे कृष्णेचे पाणी सांगोल्याच्या शिवाराकडे येण्यास अनेक दशके लागली. मंत्री बदलले, सचिव बदलले, योजनांचे अंदाज अनेकदा नव्याने करावे लागले. विषयाचे सातत्य टिकले, कारण मागील उत्तर काय होते हे लक्षात ठेवणारा माणूस सभागृहात बसलेला होता. असा प्रतिनिधी प्रत्येक तालुक्यास लाभेलच असे नाही. म्हणून ती स्मृती माणसाऐवजी कागदावर असावी लागते.

एक साधी नोंदवही

यासाठी मोठ्या यंत्रणेची गरज नाही. पंचायत समितीच्या कार्यालयात अथवा ग्रामपंचायतीत एक नोंदवही ठेवता येईल. मागणी कोणती व ठरावाचा क्रमांक आणि दिनांक कोणता. ती कोणत्या विभागाची. कागद आज कोणत्या मेजावर आहे. सभागृहात तिचा उल्लेख कधी व कसा झाला. काय उत्तर मिळाले आणि पुढील पायरी कोणाची, एवढे रकाने पुरेसे आहेत. अधिवेशनापूर्वी एकदा आणि नंतर एकदा ही वही ग्रामसभेत वाचली जावी. विधिमंडळाचे कामकाज आता छापील अहवालांशिवाय संगणकावरही पाहता येते. त्यामुळे शेवटचे रकाने भरणे पूर्वीइतके कठीण राहिलेले नाही.

हा माग उलट दिशेनेही ठेवला जातो, हे विसरून चालणार नाही. विधिमंडळाची पंचायत राज समिती जिल्ह्यात येते, स्थानिक निधी लेखापरीक्षेचे आक्षेप काढते, शाळा व आरोग्य केंद्रांना भेटी देते आणि अधिकाऱ्यांच्या साक्षी नोंदविते. त्या दौऱ्यापूर्वीच्या आठवड्यात कार्यालयांची जी रंगरंगोटी होते, तिच्यापेक्षा वर्षभर नीट ठेवलेली एक वही समितीला अधिक समाधानकारक उत्तरे देऊ शकेल.

सभागृह रिकामे असताना

सोलापूर जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. निवडणुका लांबल्या; मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक संस्थांच्या निवडणुका घेण्याचे निर्देश दिले. ७३ व्या घटनादुरुस्तीने पाच वर्षांची मुदत घातली असतानाही जिल्ह्याने तीन वर्षांहून अधिक काळ निर्वाचित सभागृहावाचून काढला. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी २२ जागा स्थानिक संस्थांमधून निवडल्या जातात. निर्वाचित सदस्यच नसतील तर त्या मतदारसंघाचाही आधार ढासळतो. प्रशासनाने शाळा चालविल्या, टँकर पाठविले, वारीची व्यवस्थाही केली. परंतु हे काम आधी आणि ते नंतर, असे चारचौघांत वाद घालून ठरविणे हे प्रशासकाचे काम नव्हे. ज्या गावांनी आपल्या मागण्यांचा लेखी माग ठेवला असेल, त्यांनाच अशा काळानंतर नव्या सदस्यांच्या हाती काही सोपविता येते. इतरांना पहिल्या पत्रापासून प्रारंभ करावा लागतो.

आरंभीच्या त्या शाळेकडे अखेरीस पुन्हा वळावे. तिसरीतील मूल दोन वर्षांत पाचवीत जाते. शासनाच्या फाइलीस दोन वर्षे थोडी असतील, परंतु त्या मुलाच्या शाळेतील ती सगळीच वर्षे आहेत. म्हणून पुढील अधिवेशनाची तारीख जाहीर होण्याची वाट न पाहता, आपल्या गावचा ठराव आज कोणाच्या मेजावर आहे, याची चौकशी उद्या सकाळीच करावी.