सुटलेला प्याला सुटलेलाच राहावा म्हणून



गडकऱ्यांचे 'एकच प्याला' हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. एका प्याल्याने संसाराची राखरांगोळी कशी होते, हे तेव्हापासून महाराष्ट्राला कोणी नव्याने सांगावयास नको. आज आम्हांला त्याच प्याल्याविषयी बोलावयाचे आहे, पण दुसऱ्या टोकाने. ज्याने प्याला खाली ठेवला, त्याचा हात पुन्हा तिकडे जाऊ नये म्हणून काय करावे, हा आमचा विषय.

शपथ घ्यावयास एक क्षण पुरतो. आईच्या पायांवर हात ठेवून घेतलेली शपथ सहसा खोटी नसते. घेणाऱ्याच्या मनात त्या वेळी कपट नसते. पण शपथ मनात राहते, आणि व्यसन शरीरात, संध्याकाळच्या ठराविक वेळेत, ठराविक मित्रांत आणि ठराविक रस्त्यांत मुरलेले असते. २००० साली अमेरिकेतील चार संशोधकांनी या प्रश्नाचा आढावा घेतला. उपचार घेतलेल्यांपैकी शेकडा ४० ते ६० जण वर्षभरात पुन्हा व्यसनाकडे वळतात असे त्यांना दिसले; आणि दमा, रक्तदाब अशा चिवट विकारांत दुखणे उलटण्याचे प्रमाणही याहून कमी नाही, हे त्यांनी दाखवून दिले. रक्तदाब पुन्हा वाढला म्हणून आपण रोग्याला नालायक ठरवीत नाही. औषध चुकले काय, मीठ वाढले काय, हे पाहतो. व्यसनाच्या बाबतीत मात्र आपण वैद्य न होता न्यायाधीश होतो.

येथे एक घडलेली हकीकत सांगतो. बिल विल्सन हा न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात वावरलेला गृहस्थ. १९३४ च्या डिसेंबरात त्याने दारू सोडली. पुढच्या मे महिन्यात तो धंद्याच्या कामासाठी ओहायो राज्यातील ॲक्रन या गावी गेला. काम फसले. गाव परके, खिसा हलका, आणि उतरलेल्या हॉटेलातच दारूचा बार. पाय तिकडे ओढू लागले, तेव्हा त्याने टेलिफोन उचलला आणि गावातील धर्मोपदेशकांना विचारू लागला, की माझ्यासारखा दारूने गांजलेला कोणी येथे आहे काय? अशा रीतीने त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शस्त्रवैद्याशी पडली. दोघे बोलत बसले आणि बिलची ती वेळ टळली.

पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. डॉ. बॉबने दारू सोडली खरी, पण काही आठवड्यांतच एका वैद्यकीय परिषदेला तो गेला आणि तेथे पुन्हा प्याला. परतल्यावर बिलने त्याला दार लावून घेतले नाही. १० जून १९३५ रोजी डॉ. बॉबने शेवटचा घोट घेतला. १९५० साली मृत्यू येईपर्यंत पुन्हा घेतला नाही. या दोघांतून उभी राहिलेली 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' ही संस्था आपला स्थापनादिन म्हणून तोच १० जून पाळते. घसरलेला माणूस उठला, तो दिवस त्यांनी पहिला मानला. या संस्थेच्या सभा आज महाराष्ट्रातही भरतात.

यावरून घेण्यासारखे काय? पहिली गोष्ट ही, की घसरण घोटाच्या पुष्कळ आधी सुरू होते. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा हे तिचे चार दूत. सभेला जाणे टळू लागले, औषध राहू लागले, "आता मला काही होत नाही" ही भाषा आली, की सावध व्हावे. तलफ ही लाट आहे. चढते तशी ओसरतेही. तेवढा वेळ जागा सोडावी, पोटात दोन घास घालावेत, कोणाशी तरी बोलावे. त्यासाठी तीन माणसांची नावे आणि टेलिफोन क्रमांक खिशात आधीच असावेत. विहीर आग लागल्यावर खणता येत नाही.

दुसरी गोष्ट, एक घोट म्हणजे सर्वनाश नव्हे. उपवास चुकून मोडला की माणूस म्हणतो, "मोडलाच आहे, तर पोटभर जेवू." ॲलन मार्लॅट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने व्यसनातील नेमकी हीच मनोवृत्ती ओळखली. घोटापेक्षा त्यामागून येणारी निराशा अधिक घात करते. म्हणून घसरलेल्याने त्याच दिवशी आपल्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगावे. गर्द सोडलेल्यांच्या बाबतीत तर हा जिवाचा प्रश्न आहे. काही आठवडे दूर राहिलेल्या शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वी पचलेली मात्रा आता प्राण घेऊ शकते.

तिसरी गोष्ट आपणां सर्वांची. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केले. अशा केंद्रातून माणूस बरा होऊन येतो, पण येतो तो आपल्याच गल्लीत. घरच्यांनी रोज त्याच्या तोंडाचा वास घेऊ नये, खिसे उलटे करू नयेत. तसेच त्याची कर्जे गुपचूप फेडून सत्य झाकूही नये. वरातीत "आज एक चालते रे" म्हणणारा तो आपला मित्र नव्हे. आणि "बघू किती दिवस टिकते" असे म्हणणारा शेजारीही त्याच्या वाटेत काटेच पेरतो. त्याला काम द्यावे, संध्याकाळी सोबत द्यावी, आणि तो घसरला तर दार उघडे आहे हे त्याला आधीच ठाऊक असू द्यावे.

श्रोतेहो, प्याला खाली ठेवणारा हात एकट्याचा असतो. तो पुन्हा उचलला जाऊ नये यासाठी मात्र पुष्कळ हात लागतात. त्यांतला एक आपला असावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.