हुरड्यासाठी चार तास
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर माझ्या आधीचे वक्ते बोललेच आहेत. २०२५-२६ च्या हंगामाला हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये. वेचणी तोंडावर आली असताना ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग ते डिसेंबरअखेरपर्यंत लांबवले. हे आकडे तुम्हाला पाठ आहेत, मी पुन्हा उगाळत नाही. मला मार्गशीर्षाबद्दल बोलायचे आहे. हसू नका, विषयाला धरूनच बोलतो आहे.

दिवाळी सरली की शहरातल्या वर्तमानपत्रांत गुलाबी थंडी पडायला लागते. आपल्याकडे तीच थंडी रात्री दोन वाजता हरभऱ्याला पाणी देणाऱ्याच्या पायात शिरते, कारण वीज त्या वेळेला येते. रानडुकरांच्या आणि रोह्याच्या भीतीने जो जागलीला बसतो, त्याला ती थंडी गुलाबी दिसत नाही. तरीही खरे सांगा, वर्षातले चांगले दिवस कोणते म्हटले तर हेच की नाही? पाऊस संपलेला, फवारणीचा पंप खोलीत गेलेला, तुरीला शेंगा लागलेल्या. घरात सोल्याची भाजी आणि तव्यावरची भाकरी. धुऱ्यावरची बोरं आता पिकतील. पहाटे वाकळ ओढून घ्यावी आणि आणखी दहा मिनिटे पडून राहावे, एवढी चैन कोरडवाहू शेतकऱ्याला याच दिवसांत परवडते.

आणि त्या चैनीला शास्त्राचा आधार आहे. मार्गशीर्षात दव पडते. दवातला कापूस वेचला तर ओला भरतो, ढिगात पिवळा पडतो. सीसीआय आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव देते, त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत कपात करते आणि बाराच्या वर घेतच नाही. म्हणून ऊन अंगावर येऊन बोंड सुकेपर्यंत वेचणीला हात घालू नये. तोवर धुऱ्यावर शेकोटी, चहा आणि गप्पा. हा तासभर आळसात गेला असे कोणी म्हटले तर त्याला ओलाव्याचे टक्के सांगा. मजूर बाया लवकर यायला बघतात, त्यांचेही चुकत नाही. मजुरी किलोवर आहे आणि ओला कापूस वजनाला भरतो. त्यांचा तासभर आपण थांबवतो तर दरात तो धरला पाहिजे, नुसत्या चहावर भागवू नये.

शेकोटीत काय जाळावे हेही सांगून ठेवतो, कारण पदवी त्याच कामाची घेतली आहे. झाडावर उरलेली किडकी बोंडं आणि कवडी आधी जाळा. गुलाबी बोंडअळी त्यातच झोप काढते आणि पुढच्या हंगामात उठते. २०१७ साली तिने आपल्याला काय दाखवले ते कोणी विसरलेले नाही. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा, फरदड ठेवू नका आणि धुऱ्यावर ढीग लावून ठेवू नका. बाकीच्या पऱ्हाटीची कुट्टी करून खत करा. सगळीच शेकोटीत घालाल तर जमिनीच्या तोंडचे काढून घ्याल.

आता मूळ गोष्टीवर येतो. ती माझ्या चुकीची आहे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी गावोगाव पीक नियोजन सांगत फिरायचो. एका गावात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचे बारा एकर वावर होते आणि त्यात दीड एकर ज्वारी. मी त्याला कागदावर हिशेब करून दाखवला. कापणीला माणूस मिळत नाही, भाव पडलेला, पाखरे निम्मे खातात, शेवटचा पाऊस लांबला तर कणीस काळे पडते. ज्वारी मोडा, सोयाबीन घ्या. माझा हिशेब बरोबर होता, आजही मांडून दाखवीन. म्हाताऱ्याने तो ऐकून घेतला आणि विचारले की, मग पोरांनी मार्गशीर्षात वावरात यायचे कशाला? मला तो प्रश्न अडाणी वाटला. पुढच्या वर्षी त्याने ज्वारी मोडली. शेजाऱ्यांनी आधीच मोडली होती.

ज्वारी गेली तशी कडबा गेला, कडब्यामागोमाग गोठ्यातली जनावरे कमी झाली, जनावरे गेली तशा गोवऱ्या गेल्या. आणि आगटी गेली. आगटी गेली हे कोणत्याच कागदावर लागले नाही. खड्ड्यात गोवऱ्यांचा विस्तव, त्यात खोचलेली कणसे, एक जण भाजतो आणि एक जण हातावर चोळून दाणे काढतो. बाकीचे तीळ-शेंगदाण्याची चटणी नाहीतर गूळ घेऊन बसलेले. हुरडा एकट्याने खाताच येत नाही. भाजायला एक, चोळायला एक आणि वाद घालायला चार माणसे लागतातच.

मी चळवळीत आलो तो भावाच्या प्रश्नावर. त्यानंतर ज्या घरातल्या कर्त्या माणसाने स्वतःला संपवले, अशा बऱ्याच घरी जाऊन बसलो. कर्ज होते, नापिकी होती, भाव नव्हता. कारणे तुम्हाला ठाऊक आहेत आणि त्यांच्यासाठीच आपण भांडतो. पण शेजाऱ्यांकडून एक वाक्य मी वारंवार ऐकले: दोन महिने तो बोलतच नव्हता, आम्हाला कळलेच नाही. कळणार कुठून? वावरातून गाडीवर बसून घरी, घरी टीव्ही, हातात फोन. आगटीवर रोज बसणारा चार दिवस आला नाही तर पाचव्या दिवशी त्याच्या दारात कोणीतरी जातो. आगटीने कर्ज फिटत नाही, हे मला शिकवू नका. कर्ज फेडायला भावच लागतो. पण भाव मिळेपर्यंत माणूस राहिला पाहिजे की नाही?

शहराजवळ हुरडा पार्टी म्हणून तिकीट लावून हुरडा विकतात. त्यांच्यावर माझा राग नाही, शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील तर आनंद आहे. पण ज्याच्या आज्याने ज्वारी पिकवली त्याने तिकीट काढून हुरडा खावा, याची मला लाज वाटते. त्यात माझाही हात आहे.

म्हणून माझी मागणी सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे. येत्या हंगामात प्रत्येकाने हुरड्यासाठी चार तास सोडावेत. घड्याळाचे नव्हे, तिफणीचे! बियाणे गुळभेंडीचे किंवा सुरतीचे घ्या, नाहीतर विद्यापीठांनी काढलेले फुले उत्तरा, परभणी वसंत आहेत. भाकरीच्या ज्वारीचा हुरडा चोळताना दाणा सहज सुटत नाही, यांचा सुटतो. सप्टेंबरच्या मध्याला, ओल असताना पेरा. साधारण तीन महिन्यांत हुरडा येतो. दाणा दुधातून चिकात जातो तेव्हा त्यात साखर असते, पुढे तिचे पीठ होते. गोडीचे दिवस आठवडाभराचेच. सगळ्यांनी एकाच दिवशी पेरू नका, आठ-आठ दिवसांच्या अंतराने पेरा, म्हणजे आगटी महिनाभर चालेल.

पाखरांचे काय, हा प्रश्न येणारच. शिवारात एकट्याची ज्वारी असली की सगळ्या गावची पाखरे तिथे उतरतात. दहा-बारा जणांनी लागून पेरली तर नुकसान वाटून जाते आणि राखायलाही एकच पोरगा पुरतो. म्हणजे हे चार तास कोणा एकाचे काम नाही, शेजाऱ्याशी बोलावे लागेल. बांधावरून कोर्टात गेलेल्यांनी आपसात बघून घ्यावे!

आणखी एक. सीतादही तुम्ही आजही करता, पहिल्या वेचणीआधी वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवता. तो सण बायांनी टिकवला. आगटीवर मात्र पुरुष बसायचे, आणि चटणी वाटायला दिवसभर वेचणी करून आलेली बाई. जुनी आगटी परत आणायची तर हा जुनेपणा सोडून आणा. चटणी पुरुषांनी वाटावी, बायांनी विस्तवाजवळ बसावे. मी वाटतो, बरी होते.

गावातल्या बैठका आपण समाजमंदिरात घेतो, खुर्च्या मांडतो, माणसे मागच्या मागे निघून जातात. यंदा पौषातल्या बैठका वावरात घ्या. ज्यांच्याकडे थोडीफार रब्बी ज्वारी आहे अशा सात गावांची नावे कार्यकर्त्यांनी मला दिली आहेत. हजेरीच्या वहीत आलेल्यांची नावे तर लिहाच, पण कोण आला नाही तेही लिहा आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे जाऊन या.

जेवणानंतर मागच्या अंगणात शेकोटी पेटवली आहे. तुरीच्या शेंगा उकडायला ठेवल्या आहेत, मीठ थोडे कमीच पडले आहे. वजनकाट्याच्या तक्रारी ज्यांच्या आहेत त्यांनी पावत्या घेऊन तिकडेच यावे.