उंबरठा रोज ओलांडा

(परळ येथे ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



ज्येष्ठांपुढे आरोग्यावर बोलणे सोपे नसते. काय खावे, काय वर्ज्य करावे, हे आपण सर्वांनी आयुष्यभर ऐकले आहे आणि त्यातले बरेचसे इतरांना सांगितलेही आहे. म्हणून पथ्यांची यादी मी वाचणार नाही. एकच सूत्र मांडतो. प्रकृती साथ देत असेल त्या प्रत्येक दिवशी, निदान एकदा तरी, घराचा उंबरठा ओलांडायचा. आज जे सांगणार आहे ते सारे या एका सूत्राभोवतीच आहे.

२०११च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढील लोकांचे प्रमाण ८.६ टक्के होते. महाराष्ट्रात ते ९.९ टक्के होते. म्हणजे आपला प्रांत देशापेक्षा आधीच वयस्क झाला आहे. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत तर हे सांगायला आकडेवारीही नको. मुले नोकरीनिमित्त विरार, बदलापूर, पुणे किंवा परदेशी गेली आणि जुन्या खोलीत आई-वडील उरले, हे चित्र प्रत्येक वाडीत दिसते.

हे आई-वडील ज्या चाळींत वाढले, त्या चाळींनी शरीराला कष्ट दिले हे खरेच. लाकडी जिना, गॅलरीच्या टोकाला सामायिक शौचालय, पहाटेचे पाणी. परंतु त्याच चाळीने दोन गोष्टी न मागता दिल्या, चढ-उतार आणि सोबत. दुधासाठी खाली, भाजीसाठी खाली, आरतीसाठी खाली. आणि सकाळी सात वाजेपर्यंत एखादे दार उघडले नाही, तर शेजारची काकू हाक मारल्याशिवाय राहत नसे. व्यायामशाळा आणि पहारेकरी, दोन्ही कामे चाळच करीत होती.

आज हे दोन्ही सुटते आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचे गुडघे थकले आणि जिना हाच तुरुंगाचा दरवाजा झाला. दुसरीकडे पुनर्विकास होतो आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेली माणसे ५०० चौरस फुटांच्या, स्वतःचे शौचालय असलेल्या घरात गेली. ही अत्यंत आनंदाची घटना आहे. मात्र उंच इमारतीत लिफ्ट आली की चढ-उतार संपते आणि दार बंद झाले की सोबत संपते. घर मोठे झाले आणि आजोबांचे जग खुर्ची व दूरचित्रवाणी एवढेच उरले, असे होऊ द्यायचे नसेल तर जे चाळीने नकळत दिले, ते आता जाणीवपूर्वक मिळवावे लागेल.

प्रथम पायांविषयी. वयाबरोबर स्नायू झिजतातच. परंतु बसून राहिल्याने ते कितीतरी वेगाने झिजतात. मांड्या अशक्त झाल्या की उठता-बसताना तोल जातो, तोल जाण्याच्या भीतीने चालणे कमी होते आणि चालणे कमी झाल्याने मांड्या आणखी अशक्त होतात. हे दुष्टचक्र चालण्यानेच तुटते. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि तीन दिवस तोल व ताकदीचे व्यायाम सुचवते. रोज सुमारे वीस-बावीस मिनिटे भरभर चालणे म्हणजेच हे माप. दादरकरांच्या हाताशी शिवाजी पार्क आहे. त्याचा कठडा साधारण सव्वा किलोमीटरचा. एक फेरी मारली आणि दमल्यावर त्याच कट्ट्यावर टेकले की दिवसाचा नेम पूर्ण. गिरगावकरांना चौपाटी आहे. ज्यांना यातले काही शक्य नाही, त्यांनी गॅलरीतच फेऱ्या माराव्यात. त्याशिवाय भक्कम खुर्चीवरून, शक्यतो हाताचा आधार न घेता, दहा वेळा उठावे-बसावे आणि दाराची चौकट धरून दहा वेळा टाचा उचलाव्यात. याला खर्च शून्य, वेळ पाच मिनिटे.

पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे नाव आपल्याला परिचित आहे. याच मुंबईत जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकलेले आणि पुढे वेदांच्या अभ्यासाला वाहून घेतलेले हे ऋषितुल्य व्यक्तिमत्त्व १८६७ साली जन्मले आणि १९६८ साली निवर्तले. शंभरी ओलांडलेल्या पंडितजींनी सूर्यनमस्कारांचा आयुष्यभर पुरस्कार केला. प्रत्येकाला शंभरी लाभेल असे नाही. पण नित्यनेम वयाला आधार देतो, ही त्यांची शिकवण सर्वांसाठी आहे. मात्र गुडघे, पाठीचा कणा, काचबिंदू किंवा उच्च रक्तदाब यांचा त्रास असेल तर सूर्यनमस्कार डॉक्टरांना विचारूनच करावेत. उत्साहापेक्षा विवेक मोठा.

दुसरी गोष्ट पडण्याची. उतारवयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे नुसते हाड मोडणे नसते. अनेकांचे स्वावलंबन तिथेच संपते. रात्री लघवीला उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, मग उभे राहा. एकदम उठल्याने रक्तदाब उतरून चक्कर येते. वाटेत मंद दिवा असू द्या. न्हाणीघराच्या भिंतीला धरायला दांडी बसवून घ्या. सुनेने बाथरूम पुसून कोरडे ठेवणे हे तिचे एकटीचे काम मानू नका. झिजलेली सपाता फेकून द्या. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहू नका, कारण न दिसलेली पायरी पहिली पाडते.

तिसरी गोष्ट आहाराची. एकट्या राहणाऱ्या अनेक ज्येष्ठांचे रात्रीचे जेवण चहा आणि खारी यांवर निभावते. स्नायूंना प्रथिने हवीत. दोन्ही वेळच्या ताटात घट्ट वरण, मोडाची उसळ किंवा दही असावे. खाणाऱ्यांनी अंडे, मासळी घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टर ठरवतील. मीठ दिवसाकाठी सर्व मिळून एक चहाचा चमचा, पाच ग्रॅमच्या आत; लोणचे, पापड, सुके बोंबील यांतले मीठही त्यातच मोजायचे. वयाबरोबर तहान कमी लागते, म्हणून मे महिन्यात तहानेची वाट न पाहता पाणी प्यावे. मधुमेहाची गोळी वा इन्शुलिन घेणाऱ्यांनी एकादशी करताना डॉक्टरांशी बोलून औषध ठरवावे. निर्जळी उपासाने साखर उतरून बेशुद्ध पडण्यात कोणतेही पुण्य नाही. देवाला आपली भक्ती हवी आहे, आपले हाल नकोत.

गिरणगावाचे काही प्रश्न वेगळेच आहेत. कापसाच्या धुळीत अनेक वर्षे काढलेल्यांची छाती नाजूक झालेली असू शकते. १९८२च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबले, पण धुळीने केलेली इजा थांबलीच असे नाही. जुना खोकला आणि जिना चढताना लागणारी धाप वयाच्या खात्यावर टाकू नका; छाती तपासून घ्या. माता-भगिनींनी मशेरी सोडावी. तोही तंबाखूच आहे. पावसाळ्यात हिंदमाता, परळ परिसरात पाणी तुंबते. त्या पाण्यातून चालावे लागले तर पाय साबणाने धुवावेत आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून लेप्टोस्पायरोसिसचे प्रतिबंधक औषध घ्यावे. पायाला जखम असेल तर हे अधिकच निकडीचे.

औषधांबाबत एकच पथ्य सांगतो. सर्व गोळ्यांची यादी एका कागदावर लिहून ती पाकिटात ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरांना दाखवा. शेजाऱ्याला लागू पडलेली दुखण्यावरची गोळी आपल्या मूत्रपिंडाचा घात करू शकते. तोंड वाकडे झाले, हात उचलेना, शब्द अडखळू लागले, तर 'सकाळी बघू' म्हणू नका. पक्षाघातात गाठ विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजना उत्पन्नाची अट न ठेवता खुली झाली आहे. कुटुंबातील अशा ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतील रुग्णालयांत मिळतात. कार्ड आजार येण्यापूर्वी काढून ठेवावे.

आता शेवटचे, आणि ते तरुण कार्यकर्त्यांसाठी. मी ज्येष्ठांना उंबरठा ओलांडा म्हणालो. पण ज्यांना तो ओलांडता येत नाही त्यांचे काय? त्यांचा उंबरठा आपण ओलांडायचा. नाना पालकर, डॉ. हेडगेवारांचे चरित्रकार, यांच्या स्मरणार्थ याच परळमध्ये रुग्णसेवेचे काम उभे आहे. गावोगावहून आलेल्या अनोळखी रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना तेथे आधार मिळतो. परक्या गावच्या रुग्णाला आधार देणारा समाज आपल्याच जिन्यावरच्या आजोबांना विसरेल, हे शोभणारे नाही.

१८९३ साली गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तो माणसे एकत्र यावीत म्हणून. आज आपल्या मंडळांकडे शेकडो बळकट हात आहेत. अवाढव्य मूर्ती जे हात अलगद विसर्जनाला नेतात, त्याच हातांनी खुर्चीत बसवून एखाद्या आजींना महिन्यातून दोनदा जिना उतरवता येणार नाही काय? प्रत्येक शाखेने, प्रत्येक मंडळाने तीन कामे घ्यावीत. आपल्या वस्तीतील एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी करावी. त्यांच्यासाठी शेजारची दोन घरे ठरवून रोज सकाळी एक हाक किंवा एक फोन होईल, अशी व्यवस्था लावावी. आणि नव्या इमारतीत गेलेल्या प्रत्येक सोसायटीत ज्येष्ठांना बसायला एक बाक आणि संध्याकाळची एक वेळ मागून घ्यावी. चाळीची गॅलरी पाडली गेली, तरी गॅलरीतला स्नेह पाडला जाण्याचे कारण नाही.

बंधू-भगिनींनो, वार्धक्य हा आजार नव्हे. आपल्या परंपरेने त्याला वानप्रस्थ म्हणून मानाचे स्थान दिले. वानप्रस्थी माणूस घराबाहेर पडून समाजाकडे वळतो. उद्या सकाळी आपणही चपला घाला, काठी लागत असेल तर संकोच न करता घ्या आणि बाहेर पडा. आणि जाताना शेजारचे दार बंद दिसले, तर एक हाक मारा.