डोके लहान का राहते?



पाकिस्तानच्या पंजाबात गुजरात नावाचे शहर आहे. तेथे शाह दौला या १७व्या शतकातील सूफी साधूचा दर्गा आहे. अतिशय लहान डोक्याची, मंद बुद्धीची मुले या दर्ग्याला वाहिली जात. लोक त्यांना 'शाह दौल्याचे चुहे' म्हणत. लोखंडी टोपी घालून त्यांची डोकी मुद्दाम लहान ठेवतात, असा प्रवाद फार जुना आहे.

हा तर्क वरवर पटतो, पण तो उलटा आहे. वाढता मेंदूच आतून कवटीला रुंदावत नेतो. (कवटीचे सांधे अकाली जुळण्याचा विकार निराळा, तो आज बाजूला ठेवू.) या मुलांत मुळात मेंदूच लहान राहिलेला असतो. तो का, हे पाहण्यासाठी गर्भावस्थेच्या पहिल्या काही महिन्यांकडे जावे लागते.

गर्भाच्या मेंदूतील पोकळीच्या कडेला मूळ पेशी असतात. आरंभी प्रत्येक पेशी दुभंगून स्वतःसारख्या दोन पेशी देते. पुढे रीत बदलते: दोहोंतली एक मूळ पेशीच राहते, दुसरी मज्जापेशी होऊन बाहेर सरकते, आणि मज्जापेशी पुन्हा दुभंगत नाही. म्हणजे मूळ पेशी हे बियाणे, मज्जापेशी हे खाण्याचे धान्य. बियाणे पुरेसे होण्याआधीच दळणाला काढले तर कोठार भरायचे कसे? प्रौढ मेंदूत सुमारे ८६०० कोटी मज्जापेशी असतात. आरंभीच्या दुपटीची एक खेप चुकली तरी पीक निम्म्यावर येईल.

ती चुकते कशी? पेशी दुभंगताना तिच्यात बारीक तंतूंची चाती तयार होते आणि गुणसूत्रांची वाटणी करते. चाती बिघडली की काही मूळ पेशी मरतात, काही अकालीच मज्जापेशी होतात. २००२ साली अशा कुटुंबांत 'एएसपीएम' जनुकातील दोष सापडला. फळमाशीतील त्याच्या भावंडाचे नाव 'बिघडलेली चाती' असे आधीच पडलेले होते!

हा दोष आईकडून एक आणि बापाकडून एक, असा दुहेरी यावा लागतो. दोघेही स्वतः निरोगी असतात. प्रत्येक अपत्याला धोका मात्र चारांत एक. नात्यातल्या लग्नांत तो जुळून येण्याचा संभव अधिक, आणि मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडेही आहे. ग्रहण पाहिले म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या सासूबाईंनी ध्यानात घ्यावे, की यात निम्मा वाटा त्यांच्या चिरंजिवांचा आहे.

२०१३ साली व्हिएन्नातील संशोधकांनी अशाच एका रुग्णाच्या त्वचेच्या पेशींपासून बशीत मेंदूच्या ऊतीचे वाटाण्याहून लहान गोळे वाढविले. त्यांत मज्जापेशी अकाली तयार होताना दिसल्या; उणे असलेले प्रथिन पुरविताच मूळ पेशी पुन्हा वाढू लागल्या. अर्थात हे बशीत. जन्मलेल्या बालकाच्या बाबतीत ती वेळ टळून गेलेली असते.